हैदराबाद क्रमांक १२अ

१७ सप्टेंबरच्या प्रदर्शनासाठी फलकांची यादी तयार झाली होती. स्वामी रामानंद तीर्थ, अर्जापूरला हुतात्मा झालेले गोविंदराव पानसरे, उमरीच्या बँकेची लूट, संस्थानच्या सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प. नांदेडच्या महाविद्यालयात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला जे जे लागतं ते सगळं. यादीच्या तळाशी प्राध्यापकांनी आणखी एक ओळ लिहिली होती : फ्लाइंग ऑफिसर हेन्री एमडन, ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन, मृत्यू ४ सप्टेंबर १९३९.

लातूरहून आलेल्या वकीलकाकांनी यादी वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काकांचे वडील १९४८ साली कॅम्पवर होते. प्राध्यापक काकांच्या मित्राचा मुलगा. त्यामुळे काका त्यांना अरेतुरे करतात आणि ते काकांना सहसा उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. संभाषण झालं तसं देतो. जिथे राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

काका : हा साहेब कोण? मुक्तिसंग्रामाच्या यादीत गोऱ्याचं काय काम?

प्राध्यापक : काका, तो बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला. त्याच्या तुकडीच्या नावात हैदराबाद आहे.

काका : म्हणजे निजाम आहे.

प्राध्यापक : नाव निजामाचं, पैसा आपला. म्हणून तर फलक लावतोय.

काका : पैसा आपला कसा, ते आधी सांग.

प्राध्यापक : १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, निजाम मीर उस्मान अली खानांनी ब्रिटिशांच्या नव्या रॉयल एअर फोर्सला एका अख्ख्या स्क्वाड्रनची, म्हणजे याच ११० ची, विमानं घेऊन दिली. डी.एच. ९ए नावाची. दोन माणसांची, उघड्या बैठकीची, बॉम्ब टाकणारी. प्रत्येक विमानावर रंगवलेलं होतं की हे निजामांनी भेट दिलं, आणि पुढे क्रमांक. त्यातलं 'हैदराबाद क्रमांक १२अ' आजही लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मनांनी उतरवलं. आतले दोघे, इंग्लिस आणि बॉडली, कैदी झाले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात गेलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर ब्रिटिश बॉम्ब पडायला लागले तेव्हा जर्मनांनी ते पोलंडकडे हलवलं. १९७७ मध्ये इंग्रजांनी पोलंडला एक स्पिटफायर देऊन ते परत घेतलं.

काका : इंग्रजाच्या विमानाला इंग्रजाच्या बॉम्बपासून जर्मनाने वाचवलं! मजा आहे. पण मजेवर फलक होत नाही. मी विचारलं काय? पैसा.

प्राध्यापक : शेतसारा, काका. नांदेडचा, लातूरचा, परभणीचा. कापसाचा आणि ज्वारीचा.

काका : कोर्टात हे टिकणार नाही. निजामाचे खजिने दोन होते. सर्फ-ए-खास हा त्याचा खाजगी आणि दिवाणी हा सरकारी. कुठल्या खजिन्यातून दिले?

प्राध्यापक : तुम्हीच सांगा, फरक काय पडतो? सर्फ-ए-खास म्हणजे तरी काय? गावंच ना? त्या गावांचा वसूल सरळ निजामाच्या हातात जायचा एवढंच. संस्थानचा हाली शिक्क्याचा रुपया कुठल्याही पेटीत गेला तरी निघाला कुणब्याच्या कनवटीतूनच.

काका : (हसून) बरं, हा मुद्दा मान्य. पण तो माझ्याच बाजूचा आहे, हे तुझ्या ध्यानात येत नाही. १९१८ म्हणजे कोणतं साल? माझ्या आजीच्या तोंडी ते साल मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लुएंझाचं. घरटी माणूस गेला. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि त्यावर ती साथ. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला हुजुरांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब मिळाला, शिवाय 'ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त' ही पदवी. विमानं त्या दोस्तीची. इकडे लोक सरणाला लाकूड शोधत होते.

इथे मला बोलावं लागलं. १९११ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात १ कोटी ३३ लाख माणसं होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २४ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी सुमारे नऊ लाखांनी घट. सगळी घट एकट्या मानमोडीच्या खात्यावर टाकता येत नाही. पण १९१८ चा तो पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा या आकड्यात सगळ्यात मोठा वाटेकरी आहे, असं मला वाटतं. आणि ११० स्क्वाड्रनने जर्मनीवर जे हल्ले केले ते नेमके त्या वर्षीच्या सप्टेंबरपासूनचे. तारखा शेजारी ठेवल्या की काकांना वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.

प्राध्यापक : काका, तुम्ही निजामावर खटला चालवताय. तो चालवा. पण विमानात निजाम बसला नव्हता. वीस-बावीस वर्षांची लेकरं बसली होती. उघड्या विमानात पंधरा-सतरा हजार फुटांवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. पॅराशूट नाही. विमान पेटलं तर जळायचं किंवा उडी टाकायची, एवढाच पर्याय. २१ ऑक्टोबर १९१८ ला एकाच मोहिमेत या स्क्वाड्रनची सात विमानं गेली. युद्ध संपायला तीन आठवडे राहिले होते. सगळं मिळून सतरा विमानं शत्रूने पाडली आणि अठ्ठावीस अपघातात मोडली.

काका : अपघातात जास्त?

प्राध्यापक : जास्त. निजामाच्या भेटीतली निम्म्याहून जास्त हानी उतरताना-चढताना, धुक्यात, इंजिन बंद पडून झाली. याला कोणी शौर्य म्हणत नाही, पण माणूस मेलेला असतोच.

काका : आणि खाली? बॉम्ब कुठे पडले?

प्राध्यापक : मानहाइम, फ्रँकफुर्ट, कैसर्सलाउटर्न. कारखाने, रेल्वे...

काका : आणि घरं.

प्राध्यापक : आणि घरं. हो.

काका : मग तुझ्या फलकावर वर गेलेला आहे, खाली मेलेला नाही. हीच तर माझी तक्रार आहे. बॉम्ब टाकणाऱ्याची आठवण ठेवणं सोपं असतं, कारण त्याची नोंद असते : नाव, हुद्दा, तारीख, विमानाचा नंबर. खाली जी बाई चुलीपुढे होती तिची नोंद कुणाकडे आहे?

प्राध्यापकांनी यावर लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या स्मारकाचं उदाहरण दिलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मेले, पण त्यांचं मोठं स्मारक उभं राहायला २०१२ साल उजाडलं, कारण ब्रिटनलाही त्या बॉम्बफेकीची लाज वाटत होती. जर्मन शहरांत मेलेल्यांचा आकडा काही लाखांत जातो. शेवटी स्मारक झालं तेव्हा त्यावर एक ओळ घालावी लागली, की १९३९ ते १९४५ च्या बॉम्बफेकीत मरण पावलेल्या सर्व देशांतल्या लोकांचीही ही आठवण आहे.

काका : एक ओळ. सात ब्राँझचे पुतळे वैमानिकांचे आणि एक ओळ बाकीच्यांची. वकिली भाषेत याला तडजोडीचा मसुदा म्हणतात.

मला हा टोमणा अर्धाच पटला. ती एक ओळ नसती तर स्मारक खोटं झालं असतं. ती आहे म्हणून ते खरं झालं असं मात्र म्हणवत नाही.

काका : आता तुझ्या एमडनचं सांग. काय केलं त्याने?

प्राध्यापक : ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. दुसऱ्या दिवशी पंधरा ब्लेनहाइम विमानं विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जर्मन युद्धनौकांवर गेली. तीन स्क्वाड्रन, प्रत्येकाची पाच. त्यातलं एक ११० हैदराबाद. ढग इतके खाली होते की जहाजांच्या डोलकाठ्यांच्या उंचीवरून जावं लागलं. 'अ‍ॅडमिरल शीर' या मोठ्या नौकेवर बॉम्ब आदळले, पण फुटले नाहीत. पाच विमानं परत आली नाहीत. चार १०७ स्क्वाड्रनची आणि एक हैदराबादचं. ते हेन्री एमडनचं. ते कोसळलं ज्या क्रूझरवर, तिचं नाव होतं 'एमडन'.

काका : थांब. एमडन? मद्रासवर तोफा डागणारी?

प्राध्यापक : ती १९१४ ची, ती त्याच वर्षी नष्ट झाली. तिचंच नाव पुढे या नव्या नौकेला दिलं होतं.

काका : म्हणजे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तोफा डागणाऱ्या जहाजाच्या नावाचं जहाज, त्यावर त्याच नावाचा माणूस, हैदराबादच्या नावाचं विमान घेऊन पडला. सिनेमावाला म्हणाला असता, जरा कमी कर.

प्राध्यापक : म्हणूनच त्याचं नाव तरी राहिलं, काका. त्याच दिवशी १०७ मधला एक वैमानिक गेला, ब्रायन लाइटोलर. त्याचे वडील टायटॅनिकवर सेकंड ऑफिसर होते. त्याची आठवण टायटॅनिकच्या पुस्तकांत निघते. एमडनची नावाच्या योगायोगामुळे. पण त्यांच्यासोबत विमानात बसलेले गनर आणि निरीक्षक? त्यांच्या नावांत काही गंमत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही. माझ्या फलकावर तीही येतील.

काका : ती कुठून आणणार?

प्राध्यापक : युद्धस्मशानभूमी आयोगाकडे प्रत्येकाची नोंद असते. शिपाई असो की साहेब, दगड सारखाच. खडकीलाच बघा ना, पुण्यात. तिथे दीड हजारांवर थडगी आहेत, एकाच मापाची.

काका : आणि आपल्या गावच्या माणसाची कबर? सरण? उमरीला, अर्जापूरला, उदगीरला कोणत्या मापाचा दगड आहे? अरे, तुला हवाई माणूसच पाहिजे ना, तर आपला घे. मुंबईचा वेलिणकर. श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेला. गोरे त्याला घेत नव्हते, तरी वैमानिक झाला आणि १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मेला. मराठी माणूस आहे. त्याचा फलक लाव, मी सही करतो.

वेलिणकरांची निवड करून काकांनी चांगली चाल खेळली होती. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जे चार हिंदी वैमानिक प्रसिद्ध आहेत, इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल सेन आणि वेलिणकर, त्यातला हा एकटा आपल्याकडचा. फ्रान्समधल्या हँगार्ड इथे त्याची कबर आहे आणि दगडावर साम्राज्याच्या शूर पुत्रांपैकी एक, असा गौरव आहे.

प्राध्यापक : वेलिणकर बॉम्बफेकी विमानावर नव्हता, लढाऊ विमान, तेविसावी स्क्वाड्रन. ते असो. पण काका, 'आपला' म्हणजे नेमकं काय? तो मुंबईचा, ब्रिटिश हद्दीतला. नांदेड-लातूरशी त्याचा कर्जाचा, कराचा, कसलाच संबंध नाही. भाषा आपली म्हणून तो आपला आणि आपल्या ज्वारीवर उडालेला एमडन परका? आणि साम्राज्यासाठी तोही लढलाच ना? की मराठी आडनाव असलं की साम्राज्य माफ?

काका काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं.

काका : बरं. आडनावाचं सोडतो. विमानाचंच बोलू. दोस्तीत विमानं दिली १९१८ ला. आणखी दोन स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव मिळालं दुसऱ्या युद्धात, १५२ आणि २५३. आता त्या दोस्तीची परतफेड बघ. १९४८. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन. लँकास्टर बॉम्बर माहीत आहे ना? जर्मनी जाळलं ते. त्याच बॉम्बरचं प्रवासी रूप म्हणजे लँकास्ट्रियन. ती विमानं भरून कॉटनने कराचीहून रात्री-बेरात्री बंदुका आणल्या, बीदर आणि वारंगळच्या धावपट्टीवर. बीदर म्हणजे आमचं उदगीर, अहमदपूर तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं तो. डोक्यावर विमान आलं की आमच्या लोकांना कळायचं, निजामाच्या रझाकाराला काडतुसं आली. आणि हा कॉटन कोण? पहिल्या महायुद्धातला वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी आकाशातून हेरगिरीचे फोटो काढणारा. शूर होता, यात वाद नाही. लावतो का त्याचा फलक?

प्राध्यापक : नाही.

काका : कामून?

प्राध्यापक : तो मेला नाही म्हणून नव्हे. तो पैशासाठी आला होता आणि समोर कोण आहे हे त्याला माहीत होतं. एमडनला त्याच्या विमानावरच्या नावाचा अर्थही माहीत असेल की नाही, शंका आहे. नांदेड कुठल्या दिशेला आहे, हे त्या लेकराला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

काका : मग जो आपल्याला ओळखत नव्हता त्याला आपण कशाला ओळखायचं?

प्राध्यापक : कारण बिल आपण भरलं. काका, तुम्ही आयुष्यभर कोर्टात हेच म्हणत आलात, की ज्याने पैसे भरले त्याला हिशेब मागायचा हक्क आहे. हक्क आहे तर हिशेबात मेलेले पण येतात.

आता काकांचं उत्तर यायला हवं होतं. ते यायच्या आधी प्राध्यापकांनी दुसरा कागद पुढे केला. खरं तर तो त्यांनी यादीच्या खाली दडवून ठेवला होता.

प्राध्यापक : आणि हिशेबच मांडायचा तर हाही फलक लागेल. सुंदरलाल समितीचा.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यावर, नेहरूंच्या सरकारने या तिघांना हैदराबादेत पाठवलं होतं. त्यांचा अंदाज असा, की कारवाईदरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून त्यांनी चार नावं दिली : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि अहवालात लातूरचा उल्लेख नावानिशी आहे. रझाकारांनी त्याआधी काय केलं तेही अहवालात आहे. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचंही आहे. हा अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात राहिला.

काका : हे तू मुद्दाम काढलंस.

प्राध्यापक : हो.

काका : माझ्याकडे बघून.

प्राध्यापक : तुमच्याकडे बघून नाही, काका. लातूरकडे बघून. तुम्ही विचारलं ना, खाली मेलेल्याची नोंद कुठे आहे? ही एक नोंद आहे. मानहाइमच्या बाईसाठी तुमचा जीव तुटतो, चांगलं आहे. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या बाईसाठी?

खरं सांगायचं तर हे वाक्य ऐकून मलाच अवघडल्यासारखं झालं. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी हे बोलायची रीत नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या घरात तर नाहीच, कारण तिथे त्या आठवणी पाहुण्याला सांगायच्या गोष्टी नसतात. घरातली माणसं गेलेली असतात. पण मला असंही वाटलं की प्राध्यापकांचा खरा फलक हाच असावा. एमडन परदेशी म्हणून त्याच्यावर वाद घालणं सोपं होतं. त्यांनी त्याला पुढे करून हा मागून आणला.

काका : (बऱ्याच वेळाने) आमचे वडील कॅम्पवरून परत आले तेव्हा त्यांच्या मोहल्ल्यातलं एक घर रिकामं होतं. ते त्या घराचं नाव घ्यायचे नाहीत. आम्ही विचारायचो नाही. लाव तो फलक. पण एक अट.

प्राध्यापक : बोला.

काका : तो एमडनच्या आधी. आणि मानमोडी त्याच्याही आधी. पहिले घरचे, मग दारचे, मग परदेशी. एमडन शेवटी.

प्राध्यापक : सालाप्रमाणे लावलं तर १९१८, १९३९, १९४८. मुलांना सालं कळतात, काका. तुमचा क्रम नात्याचा आहे.

काका : मग नात्याचाच असू दे. स्मरण नात्यानेच होतं. सालाने होते ती परीक्षा.

प्राध्यापकांनी हे मान्य केलं नाही. पण भांडलेही नाहीत. त्याऐवजी दोघांनी एमडनच्या फलकाचा मजकूर लिहायला घेतला आणि पुढचा तासभर ओळी खोडण्यात गेला. प्राध्यापकांनी पहिलं वाक्य लिहिलं : 'या तुकडीची पहिली विमाने हैदराबादच्या निजामांनी भेट दिली.' काकांनी 'भेट दिली' खोडून 'हैदराबाद संस्थानच्या रयतेच्या पैशातून घेतली. रयतेला विचारले नव्हते' असं केलं. प्राध्यापक म्हणाले, हे घोषणेसारखं वाटतं. काका म्हणाले, कोणता शब्द खोटा आहे तो दाखव. एकही खोटा नव्हता. ते वाक्य राहिलं.

दुसऱ्या वाक्यात प्राध्यापकांनी 'हुतात्मा' लिहिलं होतं. काकांनी पेन उचललं, पण त्याआधीच प्राध्यापकांनी स्वतः ते कापलं आणि 'कर्तव्यावर मृत्यू' असं केलं. हे योग्य झालं, असं माझं मत. हुतात्मा ही आपली पानसऱ्यांसाठीची जागा आहे. प्रत्येक गणवेशधारी मृताला ती दिली तर पानसऱ्यांचंही काही राहत नाही आणि एमडनलाही तिने काही मिळत नाही.

मग काकांनी विचारलं, की ११० स्क्वाड्रन पुढे कुठे गेलं. प्राध्यापकांनी सांगितलं : १९४२ मध्ये इकडेच आलं, हिंदुस्थानात. व्हेंजन्स नावाच्या बॉम्बफेकी विमानांवर ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलं. आपल्या वायुदलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनकडेही तीच विमानं होती. म्हणजे निजामाच्या नावाचे गोरे आणि हिंदी वायुदलाची पोरं एकाच जंगलावर उडत होती. आणि त्या डी.एच. ९ए चे पंख पुढे वापिटी विमानाला लागले, ज्या वापिटीवर १९३३ मध्ये कराचीला आपल्या वायुदलाची पहिली स्क्वाड्रन सुरू झाली.

काका : आणि त्या वापिटीने पहिले बॉम्ब कुणावर टाकले?

प्राध्यापक : वझिरिस्तानात. पठाणांवर.

काका : लिही तेही.

प्राध्यापक : जागा नाही, काका. फलक चार फुटांचा आहे.

काका : मग एमडनच्या फोटोची जागा कमी कर. आणि हे बघ, तू म्हणालास विमान क्रूझरवर पडलं. जहाजावर माणसं असतील ना? त्यातली मेली?

प्राध्यापक : मेली.

काका : नावं?

प्राध्यापक : ती मी शोधलेली नाहीत. जर्मन नोंदींत असतील. पत्र लिहावं लागेल.

काका : मग लिही पत्र. तोवर त्या जागी 'क्रूझरवरील जर्मन खलाशी' असं टाक आणि पुढे रिकामी ओळ सोड. उत्तर आलं की भरू. छापखानेवाल्याशी मी बोलतो. तो उदगीरचा आहे, माझं ऐकेल.